जीवशास्त्राची पदवी : उतरंडीच्या तळाशी

वैद्यकीय प्रवेश हुकला की बीएस्सी, हे समीकरण वऱ्हाडात रूढ झाले आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने या पदवीला चौथे वर्ष आणि संशोधनाची जोड दिली; शिकवणारे हात आणि प्रयोगशाळा यांचा प्रश्न मात्र तसाच आहे. नांदगाव पेठसारख्या गावांतून अमरावतीला शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने या पदवीचे मोल काय, याचा हा आढावा.

बारावी विज्ञान शाखेचा निकाल हाती आला की जीवशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्याच्या घरात एक उतरंड रचली जाते. सर्वांत वर एमबीबीएस. त्याखाली दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, पशुवैद्यक. त्याखाली औषधनिर्माण, कृषी आणि नर्सिंग. यांपैकी काहीच हाती लागले नाही, तर तळाशी बीएस्सी. ही उतरंड कोणत्याही शासन निर्णयाने ठरवलेली नाही. तरीही अमरावती-अकोल्यापासून आडवळणाच्या गावांपर्यंत ती सर्वांना तोंडपाठ आहे. परिणामी, जीवशास्त्राची पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्याकडे त्याचे नातलगच नव्हे, तर अनेकदा तो स्वतःही 'राहून गेलेला' म्हणून पाहतो. शिक्षणाच्या पहिल्याच दिवशी पराभवाची भावना घेऊन वर्गात बसणारा विद्यार्थी पुढील तीन-चार वर्षांत काय शिकतो, हा प्रश्न म्हणूनच केवळ अभ्यासक्रमाचा राहत नाही.

अमरावतीहून नागपूरच्या दिशेने राष्ट्रीय महामार्गावर बारा-पंधरा किलोमीटरवर असलेले नांदगाव पेठ हे या प्रश्नाकडे पाहण्यासाठी योग्य ठिकाण आहे. गाव शेतीचे आहे आणि औद्योगिक वसाहतीचेही. एका बाजूला कपाशी, सोयाबीन आणि तूर; दुसऱ्या बाजूला १,३५० मेगावॉट क्षमतेचा कोळशावरील वीजप्रकल्प आणि कापड उद्योग. २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्धा येथील कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते येथील 'पीएम मित्र' वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी झाली. अशा गावातील मुलगा किंवा मुलगी एसटीचा सवलतीचा पास काढून शहरातील महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र शिकते, तेव्हा त्या शिक्षणाचा गावातल्या शेताशी आणि कारखान्याशी काही संबंध जुळतो का, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

'नीट'ची सावली

या पदवीच्या दुर्दशेचे पहिले कारण पदवीच्या बाहेर आहे. वैद्यकीय प्रवेशासाठीची 'नीट' ही परीक्षा २०२५ मध्ये देशभरातून सुमारे २२ लाख ९ हजार विद्यार्थ्यांनी दिली. त्यांतील १२ लाख ३६ हजारांहून अधिक पात्र ठरले. एमबीबीएसच्या देशभरातील जागा मात्र सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे परीक्षेला बसलेल्या शंभरांपैकी पाच-सहा जणांनाच एमबीबीएसची जागा मिळू शकते. त्यांतही खासगी महाविद्यालयांचे शुल्क पाहता, शेतीवर अवलंबून असलेल्या कुटुंबाच्या आवाक्यातील जागा आणखी कमी. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमरावती, बुलडाणा आणि वाशीम येथील नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले आणि प्रत्येकी १०० जागांची भर पडली. अकोला आणि यवतमाळ येथे शासकीय महाविद्यालये आधीपासून होतीच. पश्चिम विदर्भाच्या पाचही जिल्ह्यांत शासकीय वैद्यकीय शिक्षण पोहोचले, ही समाधानाची बाब असली तरी त्यामुळे उतरलेल्या चेहऱ्यांची संख्या फारशी घटत नाही. गणितच तसे आहे.

दुसरी अडचण वेळापत्रकाची. महाविद्यालयांत बीएस्सीचे प्रवेश जून-जुलैत होतात आणि सत्र सुरू होते. वैद्यकीय प्रवेशाच्या फेऱ्या मात्र त्यानंतर कित्येक आठवडे चालतात. २०२४ मध्ये तर 'नीट'चा निकाल ४ जूनला लागला, वाढीव गुणांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, २६ जुलैला सुधारित निकाल जाहीर झाला आणि अखिल भारतीय कोट्याची प्रवेशप्रक्रिया १४ ऑगस्टपासून सुरू झाली. तोवर पदवीच्या पहिल्या सत्राचा मोठा भाग उलटून गेला होता. या काळात वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याचे निम्मे लक्ष फेरीच्या यादीकडे असते. यादीत नाव लागले की तो निघून जातो आणि त्याची जागा रिकामी राहते. नाव लागले नाही तर काहीजण महाविद्यालयात केवळ नावापुरता प्रवेश ठेवून पुन्हा शिकवणी वर्गाचा रस्ता धरतात. पहिल्या वर्षाच्या वर्गात मनापासून जीवशास्त्र शिकायला आलेला विद्यार्थी असतोच. पण त्याच्या भोवतीचा वर्ग असा हलता असतो.

शिकवणी वर्गाने घडवलेली सवयही येथे आड येते. 'नीट'च्या तयारीत जीवशास्त्र म्हणजे चार पर्यायांतून एक अचूक पर्याय ओळखणे. दोन वर्षे तेच केल्यावर, एखाद्या निरीक्षणावरून प्रश्न कसा तयार करायचा आणि त्याचे उत्तर पडताळून कसे पाहायचे, ही विज्ञानाची मूळ रीत अपरिचित राहते. पदवीच्या वर्गात ती नव्याने शिकवावी लागते. ती शिकवली जाते का, हा पुढचा प्रश्न.

किंग एडवर्ड ते 'श्रेयांक'

वऱ्हाडातील विज्ञान शिक्षणाला शतकाची परंपरा आहे. अमरावतीचे किंग एडवर्ड महाविद्यालय १९२३ साली सुरू झाले. पुढे विदर्भ महाविद्यालय या नावाने ओळखली गेलेली ही संस्था आज शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था म्हणून उभी आहे. डॉ. पंजाबराव देशमुख यांनी १९३२ मध्ये स्थापन केलेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेने बहुजन समाजातील शेतकऱ्यांच्या मुलांसाठी महाविद्यालयांची दारे उघडली. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ नागपूर विद्यापीठातून वेगळे झाले. आता संत गाडगेबाबांचे नाव असलेल्या या विद्यापीठाच्या कक्षेत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे येतात. शेतकऱ्याच्या मुलाने विज्ञान शिकावे आणि ते शेताच्या कामी यावे, हा या साऱ्या खटाटोपामागील हेतू होता. भाऊसाहेबांनी शिक्षणाचा आग्रह धरला तो पदव्यांची संख्या वाढावी म्हणून नव्हे.

अनेक वर्षे जीवशास्त्राची पदवी म्हणजे तीन विषयांचा गट, असे स्वरूप होते. रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र हा सर्वांत रूढ गट. त्यात पुढे सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, जीवरसायनशास्त्र, पर्यावरणशास्त्र यांची भर पडली. नवे विषय बहुतांशी विनाअनुदानित तत्त्वावर आले. त्यामुळे ज्या विषयांना मागणी अधिक, त्यांचेच शुल्क अधिक आणि तेथील शिक्षकांची नोकरी मात्र अस्थिर, असा विरोधाभास राज्यभर निर्माण झाला.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार ही घडी बदलली. राज्यात स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्नित महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी रचना लागू झाली. आता विद्यार्थी एक मुख्य विषय घेतो, त्याला दुय्यम विषयाची जोड देतो. शिवाय अन्य शाखेतील खुले विषय, कौशल्याधारित विषय, भाषा, मूल्यशिक्षण आणि भारतीय ज्ञान परंपरा यांचे श्रेयांक मिळवतो. एका श्रेयांकासाठी तासिका असेल तर १५ तास आणि प्रात्यक्षिक असेल तर ३० तास धरले जातात. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर 'ऑनर्स' पदवी, असे टप्पे आहेत. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण मिळवणाऱ्यास चौथ्या वर्षी संशोधनासह 'ऑनर्स' करता येते आणि चार वर्षांची पदवी घेतलेल्यास पदव्युत्तर शिक्षण एका वर्षात पूर्ण करण्याची मुभा आहे.

कागदावर ही रचना आकर्षक आहे. क्षेत्र प्रकल्प, लोकसहभागाचा प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी प्रशिक्षण यांना तिने प्रथमच श्रेयांक दिले. जीवशास्त्रासारख्या विषयाला हे अतिशय पोषक आहे. तथापि विषयांची संख्या वाढल्याने मुख्य विषयाच्या वाट्याला पहिल्या वर्षी येणारा वेळ आक्रसला, अशी भावना प्राध्यापकवर्गात आहे. पूर्वी पहिल्या वर्षापासून वनस्पती आणि प्राणी हे दोन्ही विषय समान वजनाने शिकणारा विद्यार्थी आता त्यांतील एकाच विषयाला मुख्य मानतो. कपाशीच्या बोंडातील अळी समजून घ्यायची तर कपाशीही समजावी लागते आणि अळीही. मुख्य आणि दुय्यम विषयांची जोडी विचारपूर्वक लावली नाही, तर हा सांधा निखळू शकतो.

बेडूक गेला, पुढे काय?

जीवशास्त्राची पदवी घेतलेल्या मागच्या पिढीची आठवण विचारली तर ती हमखास विच्छेदनाच्या मेजापाशी जाते. मेणाच्या थाळीत टाचण्यांनी ताणून बसवलेला बेडूक, झुरळाचे मुखावयव, गांडुळाची चेतासंस्था. या प्रात्यक्षिकांवर परीक्षेचे गुण ठरत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राण्यांचा वापर टप्प्याटप्प्याने कमी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि २०१४ मध्ये पदवी व पदव्युत्तर वर्गांतील विच्छेदन पूर्णपणे थांबवले. प्रतिकृती, तक्ते आणि संगणकावरील चित्रफिती हे पर्याय सुचवण्यात आले.

निर्णय योग्यच होता. दरवर्षी हजारो वर्गांसाठी रानातून, नाल्यांतून बेडूक पकडून आणले जात. एका बेडकाने एका हंगामात किती कीटक खाल्ले असते, याचा हिशेब शेतकऱ्याला सांगावा लागत नाही. परंतु मेजावरील बेडूक गेल्यानंतर रिकाम्या झालेल्या वेळेत काय भरले, हा खरा मुद्दा आहे. जिवंत बेडकाचे निरीक्षण, पहिल्या पावसानंतर तळ्याकाठी त्याच्या आवाजाची नोंद, अंड्यांपासून बेडकापर्यंतच्या स्थित्यंतराच्या तारखा, हे सारे प्राण्याला इजा न करता करता येते आणि त्यातून विच्छेदनापेक्षा अधिक शिकता येते. त्याऐवजी अनेक ठिकाणी प्रात्यक्षिकांच्या वहीत जुन्या वहीवरून आकृत्या उतरवण्याचेच काम उरले, तर दोष बंदीचा नव्हे. एका सूक्ष्मदर्शकापाशी पाच-सहा विद्यार्थी उभे राहत असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारी मिनिटे मोजून पाहावीत. बाकी काही सांगण्याची गरज पडणार नाही. खेड्यातून येणाऱ्या विद्यार्थ्याची अडचण आणखी वेगळी. प्रात्यक्षिके बहुधा दुपारनंतर असतात आणि त्याचे लक्ष गावाकडे जाणाऱ्या गाडीच्या वेळेकडे असते.

वनस्पतिशास्त्राची सहल ही दुसरी परंपरा. चिखलदऱ्याच्या घाटात नेचे, शेवाळे आणि दगडफूल दाखवायला नेणे हा पश्चिम विदर्भातील महाविद्यालयांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता. मेळघाटातील वनस्पतींच्या नोंदी आणि कोरकूंच्या औषधी वनस्पतींचे अभ्यास यांत अमरावतीच्या वनस्पतिशास्त्रज्ञांचा मोठा वाटा आहे. हे काम अशाच सहलींतून तयार झालेल्या डोळ्यांनी केले. आज वनखात्याची परवानगी, वाहनाचा खर्च आणि जबाबदारीची भीती यांमुळे सहल एका दिवसावर आणि कधी छायाचित्रांवर आटोपते.

शेतात घडलेली उत्क्रांती

खरे तर जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला वऱ्हाडाइतका समृद्ध पाठ क्वचितच कोठे मिळेल. कपाशीचेच उदाहरण घ्यावे. भारतात बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि २००६ मध्ये दोन जनुके असलेले 'बीजी-२' वाण आले. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचे जनुक कपाशीत घातल्यामुळे बोंडअळीला मारक ठरणारे प्रथिन झाडातच तयार होऊ लागले. फवारणी घटली. मात्र अळ्यांच्या प्रचंड संख्येत एखाद-दुसरी अशी असतेच, की जिच्यावर त्या प्रथिनाचा परिणाम होत नाही. बाकीच्या मेल्या की उरलेल्यांचेच आपसांत मीलन होते आणि पिढ्यागणिक प्रतिकारक्षम अळ्यांचे प्रमाण वाढते.

हे टाळण्यासाठीच बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत बिगर-बीटी बियाण्याची १२० ग्रॅमची पुडी दिली जात असे. तिच्या ओळी कडेने लावाव्यात, तेथे साध्या अळ्या वाढाव्यात आणि त्यांच्या पतंगांशी प्रतिकारक्षम पतंगांचा संकर होऊन प्रतिकारशक्ती पातळ व्हावी, हा त्यामागचा हेतू. शेतकऱ्याने ही पुडी बहुधा बांधावर टाकून दिली. कारण ती कशासाठी आहे, हे त्याला पटेल अशा भाषेत कोणी सांगितलेच नाही. त्यात फरदड घेण्याची सवय. हंगाम लांबला की गुलाबी बोंडअळीला जानेवारी-फेब्रुवारीनंतरही खाद्य मिळत राहते. पहिल्या वाणाविरुद्धची प्रतिकारशक्ती २००९ च्या सुमारास गुजरातेत नोंदवली गेली, काही वर्षांत 'बीजी-२'ही निष्प्रभ ठरले आणि २०१७ च्या हंगामात विदर्भातील बोंडे आतून पोखरली गेली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा बळी घेतला.

नैसर्गिक निवडीचा सिद्धांत पदवीच्या विद्यार्थ्याला पाठ असतो. पाठ्यपुस्तकात त्याचे उदाहरण बहुधा इंग्लंडमधील काजळी बसलेल्या झाडांवरील पतंगांचे असते. डार्विनचा तोच नियम नांदगाव पेठच्या शिवारात, वडिलांच्या शेतात, अवघ्या पंधरा वर्षांत घडून गेला, हे मात्र त्याला वर्गात समजतेच असे नाही. डोमकळी ओळखणारा, कामगंध सापळ्यात रोज अडकलेले पतंग मोजणारा आणि त्या आकड्यांचा आलेख काढणारा विद्यार्थी हा पदवीचाही विद्यार्थी असतो आणि गावाचा उपयोगी माणूसही. क्षेत्र प्रकल्पाचे श्रेयांक याहून चांगल्या कामासाठी खर्ची पडू शकत नाहीत.

अशी उदाहरणे आणखी आहेत. वरूड-मोर्शीच्या संत्राबागांतील डिंक्या रोग आणि काळ्या माशीमागून येणारी कोळशी हा कवकशास्त्राचा आणि कीटकशास्त्राचा चालता-बोलता धडा आहे. विद्यापीठाच्याच कक्षेतील लोणार सरोवराचे पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले, तेव्हा देशभर कुतूहल निर्माण झाले. पाणी आटून क्षार वाढले की रंगद्रव्य तयार करणारे क्षारप्रिय सूक्ष्मजीव फोफावतात, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसून आले. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. शतकभर नष्ट झाला असे मानलेला रानपिंगळा १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा दिसला आणि नंतर मेळघाटातही आढळला. मेळघाट हा तर देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक.

औद्योगिक वसाहतीच्या शेजारी राहणाऱ्या विद्यार्थ्यासाठी तर प्रश्न दारातच उभे आहेत. वीजप्रकल्पाला अप्पर वर्धा धरणाचे पाणी देण्यावरून २०१० नंतर मोठी आंदोलने झाली. कापडावर प्रक्रिया करणारे उद्योग वाढले की सांडपाण्याचा विषय येतोच. नाल्याच्या पाण्यातील विरघळलेल्या प्राणवायूचे प्रमाण, त्यातील सूक्ष्म वनस्पती व प्राणी, रस्त्याकडेच्या झाडांच्या पानांवर बसणारी धूळ आणि त्या पानांतील हरितद्रव्य यांची मोजणी पदवीच्या साध्या प्रयोगशाळेत करता येते. प्रदूषण आहे असे गृहीत धरण्याची गरज नाही आणि नाही असे मानण्याचीही नाही. मोजून पाहणे, तीन-चार वर्षे सलग मोजणे आणि नोंदी जपून ठेवणे, एवढे केले तरी पुढे कोणत्याही वादात गावाच्या हाती स्वतःचे आकडे असतील. 'पीएम मित्र' उद्यान पूर्ण क्षमतेने उभे राहण्यापूर्वीच्या नोंदी तर नंतर कोणत्याही पैशाने मिळणार नाहीत.

भाषेचा उंबरठा

दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याला अकरावीत अचानक इंग्रजी पाठ्यपुस्तक हाती घ्यावे लागते. 'नीट' मराठीतून देता येते; पण त्या परीक्षेची तयारी ज्या दोन वर्षांत करायची, त्या वर्षांचे विज्ञान इंग्रजीत असते, ही विसंगती आहे. पदवीला लॅटिन आणि ग्रीक मुळांच्या संज्ञांचा भार त्यात वाढतो. ज्या झाडाला आजी पळस म्हणते, त्याचे शास्त्रीय नाव विद्यार्थी पाठ करतो. पण दोन्ही नावे एकाच झाडाची आहेत हे त्याला परीक्षेनंतर कळते, अशी अवस्था होऊ नये.

शास्त्रीय नावे जगभर एकच असतात आणि ती शिकलीच पाहिजेत. त्याबद्दल वाद नाही. मात्र राज्याच्या भाषा संचालनालयाने विज्ञानविषयांचे परिभाषा कोश तयार केले आहेत आणि मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून काम करीत आहे. मेळघाटात वनाधिकारी म्हणून काम केलेल्या मारुती चितमपल्ली यांनी 'पक्षिकोशा'सारख्या ग्रंथांतून पाखरांची लोकांच्या तोंडची नावे गोळा केली. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये त्यांचे निधन झाले. हा सारा ठेवा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मराठी विभागाच्या कपाटात असतो, जीवशास्त्राच्या विभागात नाही. कोरकू भाषेतील वनस्पतींच्या नावांची तर नोंद पूर्ण होण्याआधीच ती जाणणारी पिढी संपत चालली आहे.

शिकवणार कोण?

या सर्वांच्या मुळाशी असलेला प्रश्न शिक्षकांचा आहे. राज्य शासनाने २०१८ मध्ये अनुदानित महाविद्यालयांतील सहायक प्राध्यापकांची ३,५८० पदे भरण्यास मान्यता दिली. तीन वर्षांत त्यांपैकी १,४९२ पदे भरली गेली आणि उरलेल्या २,०८८ पदांसाठी २०२१ मध्ये नव्याने मंजुरी द्यावी लागली. निवृत्तीने रिकामी होणारी पदे यात दरवर्षी भर घालतातच. मधल्या काळात वर्ग चालतात ते तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांवर. नेट-सेट उत्तीर्ण, अनेकदा पीएच.डी. असलेले हे शिक्षक सत्रापुरते नेमले जातात, तासांवर मानधन घेतात आणि उन्हाळ्यात बेरोजगार होतात.

तासिका घेणे अशा व्यवस्थेत कसेबसे निभते. संशोधनाचे मार्गदर्शन निभत नाही. विद्यार्थ्याचा प्रकल्प जुलैत सुरू होतो आणि मार्गदर्शकाची नेमणूक पुढच्या सत्रात राहील की नाही याची खात्री नसते. संलग्नित महाविद्यालयांत २०२४-२५ मध्ये प्रवेश घेतलेल्या तुकडीचे चौथे वर्ष २०२७-२८ मध्ये येते. त्या वर्षी संशोधनासह 'ऑनर्स' देण्यासाठी प्रयोगशाळा, मान्यताप्राप्त मार्गदर्शक आणि नियतकालिके असलेली महाविद्यालये शहरांत थोडी आणि तालुक्यांत अगदीच मोजकी असतील. म्हणजे गुणवत्ता असूनही केवळ महाविद्यालय लहान म्हणून विद्यार्थ्याचे चौथे वर्ष हुकेल, किंवा त्याला घर सोडून शहरात खोली घ्यावी लागेल. धोरणाने दिलेली संधी पत्त्यावर अवलंबून राहिली, तर ती संधी म्हणता येणार नाही.

पदवीनंतरचा रस्ता

'बीएस्सी करून काय होणार?' हा प्रश्न पालक विचारतात आणि तो रास्त आहे. रूढ उत्तर बीएडचे. ते दोन वर्षांचे आणि त्यानंतर अभियोग्यता चाचणी व 'पवित्र' संकेतस्थळावरील प्रतीक्षा. दुसरे उत्तर स्पर्धा परीक्षांचे. त्यात जीवशास्त्राच्या पदवीला स्वतःचे असे एक दार आहे, याची माहिती कमी जणांना असते: भारतीय वनसेवेच्या परीक्षेला वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र यांसारख्या ठरावीक विषयांचे पदवीधर बसू शकतात, कला वा वाणिज्य शाखेचा पदवीधर नाही. व्याघ्र प्रकल्प शेजारी असलेल्या जिल्ह्यातून या परीक्षेकडे वळणारे थोडेच, ही आश्चर्याची बाब आहे.

अकोल्यातच १९७६ मध्ये स्थापन झालेल्या 'महाबीज'चे मुख्यालय आणि डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. बीज परीक्षण, ऊतीसंवर्धन, जैविक खते आणि मित्रकीटकांची निर्मिती ही कामे जीवशास्त्राच्या पदवीधराला जमणारी आहेत. वैद्यकीय प्रयोगशाळांतील तंत्रज्ञान, औषध कंपन्यांतील गुणनियंत्रण, सांडपाणी तपासणी हेही मार्ग आहेत. त्यासाठी पदवीबरोबर एखाद्या कौशल्याची जोड लागते. पुढे संशोधनात जायचे असेल तर आयआयटीतील पदव्युत्तर प्रवेशाच्या 'जॅम' परीक्षेत जैवतंत्रज्ञानाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते. बारावीच्या मंडळ परीक्षेत वरच्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञानाची पदवी निवडणाऱ्यांसाठी केंद्राच्या 'इन्स्पायर' योजनेत वार्षिक ८० हजार रुपयांची शिष्यवृत्ती ठेवलेली आहे. ज्या घरात वैद्यकीय शिकवणीसाठी एवढेच पैसे कर्जाने काढले जातात, त्या घराला या योजनेचे नावही ठाऊक नसते.

अर्थात, या वाटा सर्वांना नोकरी देतील, असा दावा करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पदवीधरांची संख्या आणि पदांची संख्या यांत अंतर आहे आणि ते मोठे आहे. म्हणूनच पदवीच्या काळात विद्यार्थी काय करायला शिकला, याला महत्त्व येते. माती तपासता येणे, पाण्याचा नमुना योग्य रीतीने घेता येणे, रोपाचा रोग ओळखता येणे, आकडेवारी मांडता येणे या गोष्टी येणारा पदवीधर आणि केवळ गुणपत्रिका असलेला पदवीधर यांत बाजारही फरक करतो.

खर्चापेक्षा इच्छेचा प्रश्न

यासाठी फार मोठ्या निधीची गरज आहे असे नाही. दोन-तीन तालुक्यांतील महाविद्यालयांनी मिळून एक सुसज्ज प्रयोगशाळा वापरावी आणि विद्यापीठाच्या विभागांनी चौथ्या वर्षाच्या प्रकल्पांसाठी आपली दारे उघडावीत. क्षेत्र प्रकल्पांचे विषय कृषी विद्यापीठ, वनखाते आणि औद्योगिक वसाहतीशी बोलून आधीच ठरवावेत. प्रत्येक तुकडीने तोच ओढा, तेच तळे, तेच शिवार पुढील तुकडीच्या हाती सोपवावे, म्हणजे दहा वर्षांत त्या ठिकाणचा जैविक इतिहास तयार होईल. वैद्यकीय प्रवेशाच्या फेऱ्या आणि पदवीचे सत्र यांचे वेळापत्रक जुळवणे हे तर केवळ समन्वयाचे काम आहे. पदे भरणे मात्र शासनाचेच काम आहे आणि त्याला पर्याय नाही.

उतरंड रचणाऱ्या बाईला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. तळाचे मडके सर्वांत मोठे आणि सर्वांत पक्के भाजलेले असावे लागते, कारण वरचा सारा भार त्यावरच असतो. डॉक्टर, पशुवैद्य, कृषी अधिकारी यांना ज्या ज्ञानावर उभे राहायचे असते, ते ज्ञान मूलभूत जीवशास्त्राचे आहे आणि त्यांच्या आधीच्या इयत्तांना ते शिकवणारा शिक्षक बहुधा बीएस्सीच झालेला असतो. ते मडके कच्चे राहिले तर काय होते, हे वऱ्हाडाने २०१७ च्या कपाशीत पाहिले आहे. बिगर-बीटी बियाण्याची ती पुडी बांधावर पडली होती आणि तिचे कारण समजावून सांगू शकणारे शेकडो पदवीधर त्याच गावांत, दुसऱ्याच कशाची तरी वाट पाहत बसले होते.